दोन खिशांतला बोल्ट

प्रोफेसरांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. माझं नाव सोपं आहे. ऑकलंडच्या बँकेतली काउंटरवरची मुलगीसुद्धा ते पहिल्या झटक्यात म्हणते. पण प्रोफेसरांच्या लेखी मी सोऱ्या. चकलीचा सोऱ्या. भर कॉरिडॉरमध्ये, चारचौघांसमोर, लांबून आवाज यायचा, "मॉर्निंग, सोऱ्या!" त्यांच्या अमेरिकन जिभेवरून तो शब्द असा थाटात उतरायचा की नवख्याला वाटावं, ही कुठल्या तरी संस्थानातली राजकन्या असणार.

मी एकटी नव्हते. आमच्या वर्गात एक पेडल होता, एक बिजागरी होती, एक छत्री होती आणि सहा फूट उंचीचा, रग्बी खेळणारा एक किटलीचा कान होता. प्रोफेसरांना नावं लक्षात राहत नसत आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. पहिल्या तासाला ज्यानं जी तुटकी वस्तू आणली, तेच त्याचं नाव, आणि ते कायमचं. "माणसाचं नाव विसरलं तर तो पुन्हा सांगतो," ते म्हणत, "तुटलेली वस्तू एकदाच सांगते. तेव्हा लक्ष कुठे द्यायचं?"

मीही त्यांचं नाव घेत नसे, पण कारण वेगळं. या देशात मास्तरांना एकेरी नावानं हाक मारायची पद्धत आहे. माझी जीभ वळेना. पुण्यात वाढलेल्या मुलीनं पांढऱ्या केसांच्या शिक्षकाला नुसत्या नावानं हाक मारायची म्हणजे जिभेला फोड यायचा. मी "प्रोफेसर" म्हटलं की ते मागे वळून बघत, कोण आलंय म्हणून. शेवटी आमचा समेट झाला. ते मला सोऱ्या म्हणणार, मी त्यांना प्रोफेसर म्हणणार, आणि दोघांनीही तक्रार करायची नाही.

पुण्यात मी मेकॅनिकल इंजिनिअर होते, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात चांगली नोकरी होती. नवऱ्याला ऑकलंडला आयटीतलं काम मिळालं, आम्ही शहराच्या उत्तरेला अल्बनीत घर घेतलं, आणि मग मला कळलं की माझा अनुभव विमानात बसताना खालीच राहिला. जिथे जावं तिथे "लोकल एक्स्पिरियन्स" विचारायचे. म्हणून पुन्हा विद्यापीठात नाव घातलं. प्रोफेसरांचा विषय होता, वस्तू का तुटतात. पहिल्या तासाआधी त्यांचा निरोप आला: घरातली एक तुटलेली वस्तू घेऊन या. मुद्दाम तोडलेली चालणार नाही.

आता आमच्या घरात तुटकी वस्तू कुठून असणार? "भंगलेलं घरात ठेवू नये" हे ऐकत मी मोठी झाले. कपाचा टवका उडाला की आई तो कप त्याच दिवशी बाहेर काढायची. पण एक वस्तू होती. आईचा पितळी, पिळाचा सोऱ्या. वरची मूठ फिरवली की दट्ट्या खाली जातो, तो. आधीच्या दिवाळीला मी भाजणी फार घट्ट भिजवली, मूठ जोर लावून फिरवली, आणि दांडा मुठीखाली काटकन तुटला. आईला सांगायचं धैर्य नव्हतं आणि टाकायला जीव होत नव्हता. कपाटात मागे लपवून ठेवला होता.

तो न्यायचा ठरवला. पण गुरूकडे पहिल्यांदा जायचं, ते तुटकी वस्तू घेऊन? बरं दिसतं का ते? पुण्याहून आणलेली झटपट चिकटवायच्या गोंदाची ट्यूब होती. आदल्या संध्याकाळी मी दांडा असा बेमालूम जोडला की माझा मलाच अभिमान वाटला. आणि जोडलाच आहे, तर काळा कशाला न्यायचा, म्हणून चिंच-मीठ लावून घासून लख्ख केला. फडक्यात बांधून बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, एखाद्या मंगळागौरीला निघाल्यासारखी.

वर्गात टेबलावर वस्तू मांडल्या होत्या. तुटलेलं पेडल, गंजलेली बिजागरी, मोडकी छत्री. मधोमध माझा सोऱ्या देवघरातल्या समईसारखा चमकत होता. प्रोफेसर प्रत्येक वस्तूपाशी थांबत. उंच, थोडे पोक आलेले, भर थंडीत अर्धी चड्डी आणि पायात रबरी चपला, ज्यांना इथे जँडल्स म्हणतात. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग आणि दोन्ही हात खिशात. सोऱ्यापाशी येऊन त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"सुंदर आहे. तुटलंय कुठे?"

"जोडलं," मी अभिमानानं म्हटलं.

ते शेजारच्या खुर्चीत बसले. "कशानं जोडलंस?" मी सांगितलं. "आणि हे चमकतंय का?" मी चिंचेचं सांगितलं. त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

"आपल्याकडे एकच साक्षीदार आहे," डोळे पुसत ते वर्गाला म्हणाले, "आणि या मुलीनं त्याचं तोंड चिकटवलं, त्याला आंघोळ घातली, आणि नवे कपडे घालून कोर्टात आणलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो गोंद उतरवायला मला अख्खी दुपार अ‍ॅसिटोनच्या वाटीसमोर बसावं लागलं. प्रोफेसर अधूनमधून डोकावून विचारत, "बोलायला लागला का?" संध्याकाळी दांडा सुटला. मी हुश्श म्हणून दोन्ही तुकडे हातात घेतले आणि बरोबर बसतात का पाहायला एकमेकांना लावणार, एवढ्यात ते ओरडले. असे ओरडले, की माझ्या हातून एक तुकडा पडलाच.

"कधीच नाही! तोंडाला तोंड लावायचं नाही!"

हा त्यांचा पहिला नियम, आणि जवळजवळ शेवटचा. वस्तू तुटली की प्रत्येक माणसाचा हात आपसूक तेच करतो, दोन तुकडे जुळतात का बघतो. आणि तिथेच घात होतो. तुटलेल्या तोंडावर बारीक खुणा असतात. कुठून सुरू झालं, किती हळू वाढलं, शेवटी कधी तग धरवला नाही, सगळं तिथे लिहिलेलं असतं. दोन तोंडं एकमेकांवर घासली की ते पुसून जातं. म्हणून प्रोफेसरांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक तुटक्या वस्तूला दोन डब्या असत, आणि त्या डब्या शेजारी-शेजारीसुद्धा ठेवायच्या नसत.

मग त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून दांड्याचं तोंड दाखवलं. ओहोटीच्या वेळी बीचवर पाणी मागे मागे सरकत जातं आणि वाळूवर एकामागून एक रेषा उरतात ना, अगदी तशा पितळेत रेषा होत्या.

"ही बघ, इथून सुरुवात," ते म्हणाले. "बाहेरच्या बाजूला टवका आहे. कुणीतरी दाते असलेल्या हत्यारानं हा दांडा पकडून पिळलाय. खूप वर्षांपूर्वी. मग चीर दर वेळी थोडी थोडी पुढे सरकली. या बहुतेक तुझ्या आईच्या दिवाळ्या आहेत."

"पण तोडला मी ना?"

"तू नाही तोडलास. तू फक्त शेवटच्या दिवशी हजर होतीस."

मला तिथे, त्या मायक्रोस्कोपवर वाकलेली असतानाच, रडू आलं आणि हसूही आलं. आईच्या दिवाळ्या मी अशा कधी पाहिल्या नव्हत्या.

त्याच तासांत केव्हातरी त्यांनी आपला बोल्ट दाखवला. दर वर्षी प्रत्येक वर्गाला दाखवत, आणि गोष्ट दर वर्षी तीच, तेवढ्याच शब्दांत सांगत. डाव्या खिशातून त्यांनी बोटाएवढा लोखंडी तुकडा मुठीत धरून बाहेर काढला, क्षणभर मूठ उघडली आणि परत ठेवला.

"दुसरा तुकडा कुठाय?" पेडलनं विचारलं.

"उजव्या खिशात. त्यांची भेट होऊ द्यायची नाही."

प्रोफेसर अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांच्या मुलखातले. कॉलेज संपल्यावर पहिली नोकरी शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. एका कापणी यंत्राच्या लोखंडी हाताचा बोल्ट त्यांनी आखला होता. डोक्याखालचा कोपरा थोडा गोलाई देऊन काढायचा, तो त्यांनी सरळ काढला, कारण सरळ रेघ काढायला सोपी. काही हंगामांनी बोल्ट तुटला, तो लोखंडी हात खाली आला आणि एका शेतकऱ्याचा पंजा गेला. प्रोफेसर त्याला भेटायला दवाखान्यात गेले. काय बोलायचं याची तयारी करून गेले होते. त्या माणसानं शिवी दिली नाही. त्यानं फक्त विचारलं, "का तुटला रे तो?"

"आणि मला उत्तर माहीत नव्हतं," प्रोफेसर म्हणत. "मी इंजिनिअर होतो आणि मला माहीत नव्हतं. म्हणून मी नोकरी सोडून पुन्हा कॉलेजात शिकायला गेलो. पुढे उत्तर सापडलं. तो कोपरा. मी त्याला जाऊन ते सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं कळलं. मग आम्ही पाय खाल्ला."

पाय म्हणजे तिथला फळांचा गोडाचा पदार्थ, हे मी माझ्या आईला नंतर समजावून सांगितलं, नाहीतर तिला भलतंच वाटलं असतं.

गोष्ट सांगून झाली की ते पुन्हा खिशात हात घालून फिरायला लागत. विचार करताना तर हात खिशातून निघतच नसत, आणि आत अंगठे सारखे हलत असत. आम्हाला वाटायचं, म्हातारा खिशातली नाणी चाळवतोय.

न्यूझीलंडला ते आले बायकोच्या मागे. ती इथली. आणि आले ते नेमके अशा देशात, जिथे प्रत्येक माणसाला तारेच्या तुकड्यानं काहीही दुरुस्त करता येतं याचा राष्ट्रीय अभिमान आहे. जँडलचा पट्टा भोकातून निसटला, तर इथे लोक पावाच्या पिशवीची प्लास्टिकची चिमटी खालून अडकवतात आणि चालू पडतात. प्रोफेसर या लोकांना हात जोडायचे. "अरे, आधी बघ तरी!" ते काकुळतीला येऊन म्हणत. वर्गातला पेडल हा ऑकलंडपासून दिवसभराच्या वाटेवरच्या पोरिरुआचा मुलगा, "स्वीट ऍज", म्हणजे "एकदम झकास", याखेरीज दुसरं उत्तर न देणारा. त्याला ते म्हणाले, "तुमच्या देशात पुरावा टिकत नाही. तुम्ही लोक फार लवकर सुखी होता."

"स्वीट ऍज, प्रोफेसर," पेडल म्हणाला. माझं ऐकून तोही प्रोफेसर म्हणायला लागला होता.

त्यांच्या घरी स्वयंपाकघरातला नळ टपटपत असे. आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हाही टपटपत होता आणि पुढच्या वर्षीही. प्रोफेसर म्हणाले, "हात लावू नका, मी निरीक्षण करतोय." ते बाहेर गेल्यावर त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं की ती त्यांच्या प्रत्येक परदेशवारीला प्लंबर बोलावते आणि ते परत यायच्या आत तो नळ पुन्हा थोडा सैल करून ठेवते. "त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं?" ती म्हणाली. इतका सुखाचा संसार मी फार थोड्या घरांत पाहिलाय.

आमच्या मराठी मंडळात मी त्यांना एकदा नेलं. बीचवर सहल होती. मंडळाचे अध्यक्ष चांगले वजनदार गृहस्थ, दोन्ही अर्थांनी. भाषणाला उभे राहण्यापूर्वी घडीच्या खुर्चीत बसले आणि खुर्चीसकट वाळूत आडवे झाले. सगळे धावले अध्यक्षांकडे. प्रोफेसर धावले खुर्चीकडे.

"अहो, त्यांना उचला आधी!" कुणीतरी ओरडलं.

"डोन्ट टच!" प्रोफेसर खुर्चीवर आडवे हात पसरून उभे. "कुणीही हात लावू नका!"

मागे पोरं खिदळत होती. अध्यक्षांच्या पत्नी हसू दाबत म्हणाल्या, "मी म्हणतच होते, हीप्स ऑफ बासुंदी झाली काल." अध्यक्ष लालबुंद. तेवढ्यात प्रोफेसर भिंगातून मान वर करून जाहीरपणे म्हणाले, "सर, ही तुमची चूक नाही. हा रिव्हेट आतून गंजला होता. यावर मांजर बसलं असतं तरी तुटला असता." अध्यक्षांनी त्या वाळूतूनच त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. तेव्हापासून गणपतीच्या आरतीला पहिलं ताट प्रोफेसरांच्या हातात. अमेरिकन माणूस अर्ध्या चड्डीत आरती ओवाळतोय आणि एक डोळा समईच्या डगमगत्या बुडाकडे, हे दृश्य आमच्या मंडळाला सवयीचं झालं.

मग आई आली. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच इतक्या लांब आली होती आणि तीन महिने काय करायचं हा तिला प्रश्न होता. प्रोफेसरांना कळलं की सोऱ्याची मूळ मालकीण आली आहे. ते दुसऱ्याच दिवशी घरी हजर.

"किया ओरा, आई!" त्यांनी दारातूनच माओरी भाषेतला नमस्कार ठोकला.

आई चकल्या तळत होती. नव्या सोऱ्याच्या. तिनं मला मराठीत विचारलं, "हे तुझे प्रोफेसर? पँट कुठाय यांची?"

प्रोफेसरांनी चकली घेतली, डोळे मिटले, चकली कानाजवळ धरली आणि मोडली. मग दुसरी. मग तिसरी. खात नव्हते, नुसते ऐकत होते.

"हा माणूस खातोय का तपासतोय?" आई म्हणाली. "विचार त्यांना, झालंय काय?"

मी विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या घाण्याचा आवाज कोरडा आहे. दुसऱ्याचा मऊ. मधे काहीतरी बदललं."

आईनं कढईत झारा तसाच धरून ठेवला. "मोहन कमी पडलं होतं पहिल्याला," ती हळूच म्हणाली. पिठात जे कडकडीत तेल घालतात ते मोहन, हे मी त्यांना समजावलं. "म्हणून दुसऱ्या पिठाला जास्त घातलं. पण हे यांना कानानं कळलं?" त्या क्षणापासून आईच्या मनातली पँट वगैरे निघाली. त्यांना गरम गरम चकल्यांची ताटली मिळाली आणि वर दही.

ते निवांत बसल्यावर मी मनाचा हिय्या करून आईला सोऱ्याचं सांगितलं. कसा तुटला, तोंडावरच्या रेषा, जुना टवका, सगळं. प्रोफेसरांनी ताटली बाजूला ठेवली. "आईला विचार," ते म्हणाले, "कुणी हत्यारानं पकडला होता का तो दांडा?"

आई एकदम उठून उभी राहिली. "ह्यांनी!"

"कुणी?"

"अगं तुझ्या बाबांनी! तू लहान होतीस. मूठ अडकली म्हणून हत्यारांच्या पेटीतली पक्कड घेऊन बसले होते. मी म्हटलं, अहो, वळ उठेल, नका. तर म्हणाले, मी हातच लावला नाही. शेवटपर्यंत कबूल केलं नाही माणसानं! मला म्हणायचे, तुझीच भाजणी घट्ट."

मी भाषांतर केलं. प्रोफेसरांनी दोन्ही हात खिशातून काढून हवेत उडवले आणि आमच्या स्वयंपाकघरात चक्क नाचले. आई हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. "बघा," ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "साक्षीला अमेरिकेचा माणूस आणलाय. आता बोला." बाबा गेल्यापासून मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. त्यासाठी मी प्रोफेसरांचं ऋण जन्मभर मानीन.

निघताना त्यांनी तिला आपली फळी बघायला बोलावलं. प्रयोगशाळेची एक अख्खी भिंत म्हणजे ती फळी. जमिनीपासून छतापर्यंत डब्या. इतक्या वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यानं आणलेली प्रत्येक तुटकी वस्तू. डब्यांवर नावं नाहीत, काही नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. आईनं वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "बाई गं, यांना कुणीतरी चांगला भंगारवाला गाठून द्या."

आईचं म्हणणं खरं व्हायची वेळ आली ती प्रोफेसर निवृत्त व्हायला निघाले तेव्हा. मी तोवर शहरातल्या एका फर्ममध्ये लागले होते. बिजागरी अजून विद्यापीठातच होती, तिचा फोन आला. विभाग नव्या इमारतीत जातोय, तिथे सगळं काचेचं, फळीला जागा नाही. नवीन विभागप्रमुख सज्जन बाई होत्या, त्यांनी फोटो काढून ठेवू असंही सुचवलं. पण महिनाअखेरीला खाली कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी येणार आणि फळी त्यात जाणार.

मी भेटायला गेले. प्रोफेसर म्हणाले, "लोखंडच आहे, सोऱ्या. वितळवतील, चमचे होतील." आणि हसले. पण ते हसणं आतून कोरडं होतं. मला आवाजावरून कळलं. एवढं तर त्यांनीच शिकवलं होतं. बोलता बोलता ते एक डबी काढत, उघडून बघत, परत ठेवत. मग दुसरी. त्यांची बायको मला बाहेर म्हणाली, "घरी नळ टपटपतोय आणि तो बघतसुद्धा नाही. मी काल त्याच्यासमोर प्लंबर बोलावला. काही म्हणाला नाही." ते ऐकून मात्र माझं धाबं दणाणलं. या माणसानं आयुष्यभर जे काम केलं ते या भिंतीवर होतं, आणि ते एका दुपारी पेटीत रिकामं होणार होतं. माझ्या गॅरेजमध्ये ते मावण्यासारखं नव्हतं. कुणाच्याच नव्हतं.

रात्रीच्या जेवणानंतर पुण्याला फोन लावला, आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? ज्याचं त्याला परत द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? शेजारणीचं भांडं आपल्याकडे आलं, तर आपण काय करतो? परत देतो. फक्त रिकामं द्यायचं नाही. एवढं सांग त्यांना."

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी, पेडल आणि बिजागरी कामाला लागलो. ज्याला जो आठवला त्यानं त्याला कळवलं: प्रोफेसर वस्तू परत देताहेत, येऊन घेऊन जा. येताना काहीतरी खायला आणा.

त्या शनिवारी किती लोक आले ते मी मोजलं नाही, पण गाड्या लावायला जागा नव्हती. पेडल आदल्या दिवशीच पोरिरुआहून बायकोसकट गाडी हाणत आला होता. कुणी पाव्हलोवा हा इथला मलईचा केक आणला, कुणी सॉसेजेस, मी चकल्या. टक्कल पडलेली माणसं, पोटुशा बायका, एक आजोबा. प्रोफेसर दाराशी उभे, दोन्ही हात खिशात, आणि माणसं आत येत होती तसे ओरडत होते, "छत्री! किटलीचा कान! अरे देवा, तू तर वॉशिंग मशीनचा पट्टा!" एकाचंही नाव आठवत नव्हतं आणि एकही ओळखायचा राहिला नाही.

ते फळीपुढे उभे राहून डब्या काढून देऊ लागले. डबी रिकामी दिली नाही. प्रत्येकाला ती वस्तू कुठून तुटायला लागली, का, आणि तोडणाऱ्याचा त्यात किती दोष होता, ते सांगितलं. बहुतेकांचा फारसा नव्हता. एक बाई म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, आजीची खुर्ची मी मोडली." ती तिथेच उभी राहून हसत होती आणि नाक पुसत होती.

भिंत रिकामी होत गेली तसे प्रोफेसर सैल होत गेले. शेवटी खोलीभर माणसं, प्रत्येकाच्या दोन हातांत दोन डब्या. ते खुर्चीवर चढले.

"आता जोडा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. पेडल म्हणाला, "सिरियस, प्रोफेसर?"

"वाचून झालंय. जोडा!"

आणि मग त्या खोलीत सगळीकडून आवाज येऊ लागले. कट्. टक्. खट्. दोन दोन तोंडं एकमेकांना लागत होती. माझ्या दांड्याचे तुकडे इतके नेमके बसले की सांधा दिसेना. मोठी माणसं लहान मुलांसारखी एकमेकांना दाखवत होती. सहा फुटी किटलीचा कान चक्क नाचत होता.

"आणि तुमचा?" बिजागरीनं विचारलं.

प्रोफेसर खुर्चीवरून उतरले. डाव्या खिशातून एक तुकडा काढला, उजव्यातून दुसरा. दोन्ही एका वेळी बाहेर आलेले आम्ही कुणीच पाहिले नव्हते. मला वाटतं, त्यांनीही. त्यांनी ते हळूच एकमेकांना लावले. ते बसेनात. घसरत होते. फिरवून लावले, तरी नाही. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एका तुकड्याचं तोंड बराच वेळ बघितलं, मग दुसऱ्याचं.

"गुळगुळीत," ते म्हणाले. "काहीच नाही उरलेलं."

ते आपल्या अंगठ्यांकडे बघत राहिले. मग आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं की ती नाणी नव्हती. आयुष्यभर ज्यानं कुणालाच तुटलेल्या तोंडाला हात लावू दिला नाही, त्यानं स्वतःच्या बोल्टची दोन्ही तोंडं खिशातल्या खिशात अंगठ्यांनी घासून पुसून टाकली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"कोपरा?" मी विचारलं.

"दिसत नाही." त्यांनी तुकडे पुन्हा उजेडाकडे धरले. "सोऱ्या, तो कोपरा आता दिसतच नाही."

मागून त्यांची बायको म्हणाली, "तुझ्या सगळ्या पँटचे खिसे मी शिवतेय लग्नापासून. तुला काय वाटलं, उंदीर होते?"

आधी प्रोफेसरांचे खांदे हलले, माझ्या पहिल्या तासाला हलले होते तसेच. मग ते इतके हसले की पेडलला त्यांना धरावं लागलं, आणि मग सगळी खोली हसत सुटली. त्या शेतकऱ्यानं त्यांना कधीच मोकळं केलं होतं. ते स्वतः मात्र आज झाले, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत झाले, याचा मला अजून आनंद होतो.

आता ते पोरिरुआजवळ बायकोच्या गावी राहतात. दिवाळीत फोन येतो, "सोऱ्या, मोहन नीट पडलं का?" त्या दिवशी मात्र ते सगळ्यांत शेवटी निघाले. चकल्यांचा उरलेला डबा काखेत मारला, रिकाम्या भिंतीकडे एकदा बघितलं, आणि बोल्टचे दोन्ही तुकडे एकाच खिशात टाकले. जिना उतरताना ते आत एकमेकांवर खळखळ आपटत होते, आणि प्रोफेसरांचे दोन्ही हात बाहेर होते.